हिलेनब्रांडबाईंची निळी मूर्ती

“आई, ती निळी मूर्ती कुठाय?” लॅपटॉप मिटत ईप्सिताने विचारलं.

“सोडली की नदीत. सकाळी फिरायला गेले तेव्हा.” वीणाताई पालक निवडत होत्या.

“नदीत? नेकारमध्ये?”

“तडा गेला होता गं तिला. मानेपासून पार खांद्यापर्यंत. भंगलेली मूर्ती घरात ठेवतात का?”

ईप्सिताने कपाळाला हात लावला. “अगं, इथे नदीत काही टाकत नाहीत. ऑर्डनुंग्जआम्टवाले, म्हणजे इथले पालिकेवाले, दंड करतात. आणि ती मूर्ती म्हणजे काय आपला गणपती होता?”

वीणाताई पुण्याहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे, हायडेलबर्गला आल्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात जिन्यात चक्कर येऊन पडल्या. ईप्सिता तेव्हा प्रयोगशाळेत होती, फोन बंद. समोरच्या फ्लॅटमधल्या हिलेनब्रांडबाईंनी अँब्युलन्स बोलावली, आणि एकोणऐंशी वर्षांची ती बाई हॉस्पिटलात पाच तास वीणाताईंचा हात धरून बसली. कोण कुठली, ना नात्याची ना गोत्याची! त्या दिवसापासून वीणाताईंना तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं होतं. दुपारच्या कॉफीला त्या रोज समोर जायच्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान चालायच्या.

बाईंचे यजमान कार्ल हिवाळ्यात गेले होते. जन्मभर इजिप्तमधल्या थडग्यांचा अभ्यास केला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत उन्हाळ्यात रोज नेकारमध्ये पोहले. परवाच्या रविवारी बाईंनी रुमालात गुंडाळलेली ती वीतभर मूर्ती वीणाताईंच्या हातात ठेवली होती. छातीवर हात घेतलेली, निळ्या रंगाची.

“तिकडे मेलेल्या माणसासोबत अशा मूर्ती पुरायचे,” बाई म्हणाल्या होत्या. “परलोकातही शेतीची कामं असतात ना. खणायला, वाळू वाहायला बोलावणं आलं, की ही उठणार आणि म्हणणार, ‘मी आहे, मी करते.’ श्रीमंतांकडे तर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.”

“म्हणजे मेल्यावरही कामातून सुटका नाही म्हणा!”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, “आता ही तुमची. तुमच्या घरातल्या मूर्तीसारखीच वागवा.”

घरी आल्यावर वीणाताईंना तडा दिसला. बाईंना मोतीबिंदू, त्यांच्या लक्षात आला नसेल. सांगून त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं? त्यापेक्षा आपल्या रीतीने निरोप द्यावा, असं त्यांनी ठरवलं होतं.

ईप्सिता एव्हाना फोनवर भराभर काहीतरी वाचत होती. “हे बघ. तीन तीन हजार वर्षं जुन्या असतात या. म्युझियममध्ये काचेत ठेवतात. तिचा नवरा त्यातलाच माणूस होता. खरी असणार गं ती! पाण्यात काय झालं तिचं?”

“विरघळली,” वीणाताई हळू आवाजात म्हणाल्या. “आपल्या शाडूसारखी. बघता बघता.”

“विरघळणारच! तीन हजार वर्षं कोरड्या वाळूत राहिलेली माती ती.” आईचा चेहरा पाहून ईप्सिता थांबली. “जाऊ दे. तिला आत्ता काही सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात तू पुण्याला जाणारच आहेस. बरोबर नेली म्हणू.”

वीणाताईंनी पालक तसाच ठेवला. जिने आपल्याला वाचवलं, तिच्या नवऱ्याची आठवण आपण पाण्यात घालवली. वर तिच्याशीच खोटं बोलायचं? त्यांना रडू आवरेना. तोंडावर पाणी मारून, साडी सारखी करून त्या समोरच्या दारी गेल्या.

बाईंनी दार उघडलं. कॉफीचे दोन कप मांडलेलेच होते.

वीणाताई बसल्या नाहीत. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “मूर्तीला तडा गेला होता. आमच्याकडे अशी मूर्ती घरात ठेवत नाहीत. मी ती आज नदीत सोडली. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि मी तुमचं… मला माफ करा.”

बाई टेबलाचा काठ धरून हळूच खाली बसल्या.

“कुठे सोडली?”

“जुन्या पुलाच्या अलीकडे. पायऱ्या आहेत तिथे.”

“नुसती टाकलीत?”

“छे हो! दोन फुलं वाहिली. हात जोडले. जे काही केलंत त्याबद्दल आभार, आता सुखाने जा, असं म्हटलं. मग पाण्यात धरली. विरघळेपर्यंत हात काढला नाही.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वीणाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि कपाळाला लावले.

“फ्राऊ वीणा, दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला खोदून खोदून विचारलं होतं, आठवतं? तुमच्या देवघरातल्या मूर्तीचं, ती भंगली तर काय करता त्याचं?”

“हो. पण…”

“तडा मी पाडला. सुरीने.”

वीणाताई समोरच्या खुर्चीत टेकल्या.

“ती जुनी नव्हती. याच टेबलावर केली मी, दीड महिना लागला. कार्लला नदीत जायचं होतं. इथल्या कायद्यात ते बसत नाही, राख स्मशानभूमीतच पुरायची. तरी मूठभर मिळवली होती मी, कशी ते विचारू नका. तीन वेळा त्या पायऱ्यांवर गेले आणि तीन वेळा घेऊन परत आले. हातून सुटेचना.” त्यांनी डोळे पुसले आणि प्रसन्न हसल्या. “त्या मातीत मी कार्लला मळलं होतं.”