कोरी ओळ

घरपट्टीच्या सुनावणीत साहेबांनी कुमुदताईंचा अर्ज उलटून पाहिला. "कारणाची ओळ कोरीच आहे, बाई. वरच्या मजल्यावर भाडेकरू, म्हणून कर वाढला. मोजणीवेळी तुम्हीच तसं सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. नवऱ्याला सोडून आलेल्या लेकीला कुमुदताई नव्या कॉलनीत सगळ्यांपुढे भाडेकरूच म्हणत. त्यात मोजणीवेळी शेजारच्या लिमयेबाई कुंपणाशी कान टवकारून उभ्या. आज त्याही आपली हरकत घेऊन मागच्याच बाकावर बसल्या होत्या.

अर्ज लेकीनंच लिहून दिला होता. ही एक ओळ मात्र तिनं आईसाठी सोडली होती.

कुमुदताईंनी पेन मागितलं. ओळ भरली आणि मागच्या बाकावर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "भाडेकरू नाही. माझी लेक राहते, तिच्याच घरात."