चादरीचं दुसरं टोक

शिंप्याने मशीन भिंतीकडे सरकवलं, कात्री फळीवर ठेवली आणि टीव्हीसमोर सतरंजी टाकली.

"मावशी, अशा पुढे बसा. मुलगा तुमचा, आणि तुम्हीच मागे?"

म्हातारी पुढे सरकली. सून तिच्या पाठीशी बसली. सिनेमा मुलगा राहतो त्या परदेशातला होता, भाषाही तिकडची. शिंपी ऐन उमेदीची वर्षं तिकडे शिवणकाम करून परत आलेला, म्हणून अर्थ सांगायचं काम त्याच्याकडे.

"चेष्टेचा सिनेमा आहे," त्याने आधीच सांगून ठेवलं. "बाहेरून आलेले कामकरी एके दिवशी एकदम नाहीसे होतात. मग तिकडच्या लोकांची कशी तारांबळ उडते, बघा."

मुलगा तिकडे एका इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होता. सिनेमावाल्यांनी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला रोजचंच काम करायला लावून चित्र घेतलं होतं. चुकवू नकोस, असं त्याने आईला बजावलं होतं.

तो दिसला. लांबरुंद पांढरी चादर, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला दाट भुवयांचा एक उंच माणूस. दोघं चादर ताणत होते, झटकत होते, जवळ येऊन टोकाला टोक लावत होते.

"बारीक झालाय," म्हातारी म्हणाली.

"टीव्हीत माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतो, आई."

"म्हणजे आणखीच बारीक झालाय."

दोघांनी पुढची चादर ताणली आणि ते नाहीसे झाले. चादर क्षणभर तशीच हवेत राहिली, मग जमिनीवर पडली.

शिंप्याने मांडीवर थाप मारली. पुढे तर धमालच होती. मोठा डॉक्टर विजार गुडघ्यापर्यंत वर करून टबात चादरी तुडवत होता. एक न्यायाधीश स्वतःचंच तान्हं मूल आडवं धरावं की उभं, ते न कळून रस्त्यात उभा होता. मंत्री कोरड्या नळासमोर भाषण करत होता. शिंपी हसत हसत अर्थ सांगत होता. सूनही पदर तोंडाला लावून हसत होती.

म्हातारी मुलगा परत दिसायची वाट बघत होती.

"तो कुठे गेला?"

"कुठे नाही हो मावशी. गंमत आहे."

"गंमत कळली. पण गेला कुठे?"

शिंप्याने डोकं खाजवलं. "ते नाही दाखवलेलं."

"हा मंत्री काय ओरडतोय?"

"म्हणतोय, माझा नळ कोण दुरुस्त करणार?"

"आणि ती बाई?"

"ती विचारतेय, स्वयंपाक कोण करणार?"

म्हातारीने आणखी थोडा वेळ पाहिलं. "एवढी माणसं बोंबलतायत. पण ती कामाची माणसं गेली कुठे, धड आहेत की नाहीत, हे एकजण विचारत नाही."

शिंपी हसायचा थांबला. सुनेने पदर खाली घेतला.

"फोन लाव त्याला," म्हातारी म्हणाली.

"आत्ता कामावर असतील, आई. फोन कपाटात ठेवावा लागतो तिथे."

"लाव."

फोन वाजून वाजून बंद झाला. सुनेने पुन्हा लावला. पुन्हा तेच. शिंप्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मावशी, कॅमेऱ्याची करामत असते. आधी माणसांना उभं करून चित्र घेतात, मग त्यांना बाजूला काढतात आणि..."

"काढून कुठे ठेवतात?"

सून पुन्हा नंबर लावत होती. आता तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

फोन उचलला गेला. मुलाचा घामेजलेला चेहरा दिसला. "काय झालं? कपाटात फोन वाजतच होता. आई बरी आहे ना?"

म्हातारीने सुनेच्या हातातून फोन घेतला. "आहेस का?"

"आहे म्हणजे?"

"आहेस ना?"

"आहे गं. कामावर आहे. मुकादम येईल आता."

"येऊ दे. सगळा दाखव."

"काय सगळा?"

"तू. डोक्यापासून पायापर्यंत."

तो काहीतरी पुटपुटला. मग टॉवेलांच्या चळतीला फोन टेकवून मागे सरकला. ऍप्रन, दुमडलेल्या बाह्या, रबरी बूट. सून सासूच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"वळ जरा," म्हातारी म्हणाली.

तो वळला, आणि परत तोंड करून उभा राहिला.

"पडला का जीव भांड्यात?" शिंप्याने विचारलं.

"पडला." म्हातारीने डोळे पुसले. "सिनेमा चांगला आहे रे. पण अर्धवट आहे."

मुलगा हसला. तेवढ्यात त्याच्यामागे तिला तो उंच माणूस दिसला. चादरीचं एक टोक धरून तो उभा होता, दुसरं टोक कधी उचललं जातंय याची वाट बघत.

"हा तोच ना, तुझ्याबरोबर गेलेला?"

"तोच. पण कुणी गेलं नव्हतं, आई. खोटं होतं ते."

"ते कळलं मला. त्याच्या आईला कळवलंय का कुणी?"

मुलाने वळून तिकडच्या भाषेत काहीतरी विचारलं. उंच माणूस हसला. मुलाने फोनकडे बोट करून आणखी काही सांगितलं, तसं त्याचं हसू थांबलं. त्याने चादर टेबलावर ठेवली, हात ऍप्रनला पुसले आणि तो बाजूला निघून गेला.

"कुठे गेला तो?"

"कपाटाकडे. फोन घ्यायला."

म्हातारी मागे सरकली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. "मुकादम आला तर सांग त्याला," ती म्हणाली, "आईशी बोलतोय म्हणावं."