रेषेजवळची खुर्ची

"पय, संघर्ष! पय!"

पळायला सांगत डोमाजी लाल प्लास्टिकच्या खुर्चीतून अर्धे उठून ओरडले. राजूरच्या मैदानात जमलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. शॉट झकास झाला होता.

संघर्ष डोमाजींचा मुलगा. यवतमाळला रग्बीची फायनल खेळून आला आणि पुढच्याच महिन्यात वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेला. गुंजन त्याच्यावर लहानसा सिनेमा काढत होती. नट घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून संघर्षच्या जागी यंदाच्या टीममधला क्षितिज आणि बापाच्या जागी खुद्द बाप. फायनलला पोराने टेम्पोत घालून ही खुर्ची आपल्यासाठी नेली, रेषेजवळ मांडली आणि आपण तिच्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडलो, हे गुंजनला डोमाजींनीच सांगितलं होतं. पोरगा जिवंत असताना मात्र 'अंड्यावानी चेंडू घेऊन मातीत लोळणं' म्हणून ते या खेळाला नाक मुरडत.

संघर्षची आई, रुखमाबाई, डबा घेऊन आल्या. फायनलच्या दिवशी त्या पोरासोबत टेम्पोतून गेल्या होत्या. सिनेमाबद्दल त्या नवऱ्याशी अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

क्षितिज मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसला. त्यात फायनलचा व्हिडिओ होता.

"काकू, रग्बीत पास मागंच द्या लागते, म्हून मागं पाहणं बरोबर हाय. पण संघर्षदादा बॉल हातात नसतानाही घडीघडी बाजूले पाह्यते. काहून?"

"खुर्चीकडं पाहे."

"बाबा बसले होते म्हून?"

रुखमाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

डोमाजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांना एकाएकी ती खुर्ची सोसवेना. ते उठले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. आता क्षितिजच्या धावण्याचा शॉट होता, मागे खुर्ची दिसणार होती.

"बाबा, बसा ना," गुंजन म्हणाली. "उजेड जाऊन राह्यला."

डोमाजींनी नकारार्थी मान हलवली.

"रिकामीच दाखव, पोरी. त्या दिवशी मी घरी निजून होतो."