बुवा रंगले तेव्हा

हरसूलच्या पुढे, रानाला लागूनच पुंजारामचं घर. एकदा तरी बिबट्या बघायचा म्हणून तो वर्षभर रोज ओट्यावर बसून बांधाकडे डोळे लावायचा. पायाचे ठसे दिसायचे, बिबट्या काही दिसला नाही.

सप्ताहाच्या शेवटी त्याच्याच अंगणात काल्याचं कीर्तन ठेवलं. बुवा एरवी तासाभरात उरकणारे. आज मात्र बांधाकडे तोंड करून उभे राहिले, ते तीन तास थांबेचनात. लेकराबाळांसकट कोणी जागचं हललं नाही.

पाया पडताना पुंजाराम म्हणाला, "बुवा, आज लय रंगले! थांबायचं नावच नाय."

बुवांनी उपरण्याने घाम पुसला.

"थांबतो कसा, पुंजाराम? तुमच्या पाठीमागं बांधावर बिबट्या बसलेला. तो उठेपर्यंत तुम्हाला उठू देणार होतो काय?"