न्हाणीत पाय घसरला

रविवारी सकाळी सव्वासातला भरवेली या मँगनीज खाणीच्या गावातल्या घरात नूतन वजनकाट्यावर चढली आणि आकडा एकोणनव्वदवर थांबला. तीन वर्षांपूर्वी नागपुरात वजन घटवायचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ती एकशे बारावरून अडुसष्टवर आली होती. वजन परत चढू लागल्यापासून दर रविवारी नवरा अश्विन तिला काट्यावर उभं करायचा आणि वाढल्या किलोगणिक एक पट्टा ओढायचा.

"पुन्हा मँगनीजचा ट्रक झाली तू! काहून खाते वो एवढं?" म्हणत आज अश्विनने आधी थप्पडच लगावली.

अडुसष्ट किलोची असताना अशाच एका थपडेने ती भिंतीवर आदळली होती आणि तिचा हात मोडला होता. दवाखान्यात अश्विन म्हणाला होता, "न्हाणीत पाय घसरला." सासू शेवंताबाईंनी लगेच दुजोरा दिला होता, "हौ, मी पाह्यलं ना."

आज नूतन जागची हलली नाही. त्याने पट्टा उचलला, तेव्हा तिने त्याला सगळ्या अंगाने ढकललं. त्याचं डोकं दगडी ओट्याच्या कोपऱ्यावर फुटलं.

साडेआठला बालाघाटच्या दवाखान्यात तिने हवालदाराला सांगितलं, "न्हाणीत पाय घसरला त्यायचा."

हवालदार शेवंताबाईंकडे वळला. "अम्मा, आपने देखा क्या?"


दुपारी बारापर्यंत अश्विन शुद्धीवर आला नव्हता आणि शेवंताबाई हौ म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.