तिसरं नाव

“नाव तूच ठेव गं, अहिल्या. मी नुसती हाक मारीन.”

कृष्णाताईचा आवाज. नागपूरच्या ऐन उन्हाळ्यातला, कूलरच्या घरघरीतून आलेला. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली होती, ताईही आता राहिली नव्हती. पण आज सकाळपासून तो आवाज अहिल्याबाईंच्या कानातून हलत नव्हता. चहात साखर दोनदा पडली होती.

“काकू, या लवकर! पुन्हा दाखवतायत!” परीक्षित हॉलमधून ओरडला.

अमेरिकेत ट्रॉय शहरातल्या अहिल्याबाईंच्या घरात रविवारचं जेवण आटोपूनही कुणी हललं नव्हतं. उपाध्यक्षांनी तब्येतीचं कारण सांगून पुन्हा उभं राहायला नकार दिला होता, आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या खेपेला जोडीला कुणाला घेणार, याची देशभर चर्चा चालली होती. टीव्हीवर तीन चेहरे होते. दक्षिणेकडचा एक गव्हर्नर, एक निवृत्त जनरल, आणि तिसरं नाव सिनेटर सावनी देशकर. अहिल्याबाईंची लेक.

“गव्हर्नर गेलाच समजा,” परीक्षित म्हणाला. तो चार घरं सोडून राहायचा, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि राजकारण क्रिकेटसारखं बघायचा. “आणि जनरल म्हणजे टोटल बोअर आहे यार. सावनीताईच! ऑफिसात मी मिशा पणाला लावल्यात.”

“त्या आहेत कुठे तुला?” शैलजाबाईंनी टोला हाणला. त्या बाळंतपणाच्या निवृत्त डॉक्टर, आणि या देशात आल्यापासूनची अहिल्याबाईंची मैत्रीण.

टीव्हीवर कुणीतरी शंका काढली, की सिनेटरबाईंचा जन्म भारतातला, मग त्या उपाध्यक्ष होऊ शकतात का? दुसऱ्यानं ती लगेच उडवून लावली. आई-वडील दोघंही तेव्हा अमेरिकेचे नागरिक होते, म्हणजे मूल जन्मतःच अमेरिकन. वकिलांनी हे केव्हाच तपासलंय.

“ऐकलंस?” शैलजाबाई म्हणाल्या. “सगळा घोळ तुझ्या माहेरच्या ओढीचा. माझं हॉस्पिटल इथून दहा मिनिटांवर, आणि ही बाई तिसऱ्याच महिन्यात नागपूरला पळाली. बाळंतपण माहेरीच हवं म्हणे!”

“आईचा हट्ट होता,” अहिल्याबाई म्हणाल्या. इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या, त्याच सुरात.

“हट्ट कसला! माझ्यावर भरवसा नव्हता तुझा.”

सगळे हसले. पडद्यावर सावनी कुठल्याशा सभेत प्रश्न ऐकत होती. विचार करताना तिनं कानाची पाळी चिमटीत धरली.

“बघ बघ,” शैलजाबाई म्हणाल्या. “कृष्णा इथे आली होती तेव्हा पाहिलं होतं मी. अगदी हेच.”

“मावशीवर गेलीय,” असं म्हणून अहिल्याबाई उठल्या.

त्यांनी खिडकीचा पडदा सारला. रस्त्यापलीकडे बातमीवाल्यांची गाडी उभी होती. पडदा ओढला, पुन्हा सारला. लेकीच्या वाट्याला जे येऊ घातलं होतं ते यावं असंही वाटत होतं, आणि नको असंही. त्यांचे यजमान गिरीश असते तर म्हणाले असते, “गप्प बस, सगळं नीट होईल.” आयुष्यभर हेच म्हणत ते गेले.

त्या कपडे धुण्याच्या खोलीत गेल्या आणि घडी घातलेले टॉवेल पुन्हा घडी घालू लागल्या. इतक्यात गॅरेजचं दार गुरगुरलं. सावनी मागच्या बाजूनं आत आली, शाळेत असल्यासारखी कपडे वाळवायच्या ड्रायरवर चढून बसली आणि पाय हलवू लागली.

“बाहेर सांगू नकोस हं, आई. सकाळी त्यांचाच फोन होता. They want me.”

अहिल्याबाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“काय म्हणालीस?”

“घरी जाऊन आईला सांगते, म्हटलं. आता पुन्हा करतील. हो म्हणणार आहे मी.” ती हसली. “एकच विचारत होते. घरात असं काही आहे का, जे उद्या बाहेर आलं तर सगळ्यांची पंचाईत होईल? मी म्हटलं, माझ्या घरात? माझ्या आईच्या हातून चहात साखर दोनदा पडली, तरी ती फोन करून कळवते!”

अहिल्याबाई हसल्या नाहीत.

“भाषणही सुरू केलंय. पहिलं वाक्य ऐक. ‘मला जन्म द्यायला माझी आई समुद्रापार गेली.’ कसंय? लोक रडतील ना?”

“सावनी...”

“तूच रडायला लागलीस! अगं, मावशी असती तर आज फोनवर गायली असती. दर वाढदिवसाला गायची तेच.” आणि सावनी मावशीच्याच गळ्यानं गुणगुणली,

“दोरी तुझ्या हाती, दोरी माझ्या हाती,
झोका गं कुणाचा, बाळ काय जाणे...”

तिच्या मांडीवरचा फोन थरथरू लागला. हॉलमध्ये परीक्षित अजून जनरलची टर उडवत होता. सावनी ड्रायरवरून खाली उतरली, केस सारखे केले, एक लांब श्वास घेतला.

“घेऊ?”

अहिल्याबाईंनी थरथरत्या फोनवर आपला हात ठेवला.

“थांब. ते वाक्य खरं नाही. समुद्रापार गेले ती तुला आणायला. कृष्णा तुझी मावशी नव्हती गं, सावनी. मावशी मी आहे.”