फलटणचं स्थळ

"पोरगी जरा वर बघंल का?" फलटणहून आलेले मानसिंगराव म्हणाले. आवाज असा, की गोठ्यातल्या म्हशीनंही मान वळवावी. मुलगा कामावर असल्यामुळं ते एकटेच आले होते.

मनिषानं वर पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. बारामतीच्या आसावरीबाई सकाळी कॉलेजातल्या मुलांचं नाटक बसवत, संध्याकाळी एसटीतल्या कामगारांचं. शनिवारी व्हिडिओवर सिनेमे थांबवत थांबवत दाखवत. नाटकात चेहरा शेवटच्या रांगेला दिसला पाहिजे, कॅमेऱ्यापुढं मात्र नुसते डोळे पुरतात, हे मनिषा तिथंच शिकली. आज तिनं कॅमेऱ्यापुढचा अभिनय निवडला होता, आणि भूमिका मठ्ठ मुलीची.

कारण हे स्थळ जमलं की पुण्याचा सिनेमाचा कोर्स बुडालाच. प्रवेश मिळाला होता. पण आजोबांनी, आबाजींनी, सणसरच्या घराच्या ओट्यावर बसून निकाल दिला, "शिनेमा काय शिकायचा आसतोय? उजवून टाका." त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. धाकट्या नातीचं नाव त्यांनी नकोशी ठेवलं, तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आप्पांनी तर आठवड्याच्या आत निमूट स्थळच आणून उभं केलं. मनिषाला बापाचा फार राग आला होता.

"किती शिकलीस, बाळ?"

"बारावी झाली वाटतं."

"वाटतं? बरं, वाचतीस काय?"

"काय न्हाय."

"फुडं काय करायचा इचार हाय?"

"ठावं न्हाय."

दाराआड नकोशी फिसकन हसली. मोतीबिंदूमुळं नुसत्या आवाजाच्या रोखानं बसलेले आबाजी चुळबुळले. मानसिंगरावांनी दोन बोटांनी मिशी सांभाळत चहा संपवला. किती भडक माणूस, मनिषाला वाटलं. बाईंनी याला पहिल्याच तालमीत घरी पाठवलं असतं.

"स्पष्ट बोलतो, आबा," बशी ठेवत ते म्हणाले. "आमचा राम इंजिनेर हाय. आमाला शिकलेली सून पायजे. ही तर अडाणीच म्हणायची."

पाहुणे गेले. आबाजींचा तिळपापड झाला.

"अडाणी? आमची पोर? आप्पा, पाठीव हिला पुण्याला! काय शिकायचं ती शिकू दे, पर शिकीव!"

"तुमी म्हणाल तसं, आबा," आप्पा खाली मान घालून म्हणाले.

मनिषा चुलीपुढं जाऊन आनंदानं रडली. आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं काम, आणि टाळ्या वाजवायला कुणी नाही.

जूनमध्ये आप्पा आणि नकोशी तिला सोडायला बारामतीच्या स्टँडवर आले. आप्पांनी ट्रंक सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मनिषाला राहवेना.

"आप्पा, त्या दिवशी मी मुद्दाम तसं बोलले. फसवलं तुमाला."

"आसं व्हय?" आप्पा म्हणाले. त्यांना राग आलेला दिसला नाही. तिला हायसं वाटलं.

गुळगुळीत दाढी केलेला कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"पुणं न्हवं?" त्यानं विचारलं, आणि सगळ्या गाडीनं वळून पाहिलं.

मनिषाचा आ वासलेला राहिला. आप्पांनी खिडकीतून हात आत घालून कंडक्टरच्या हातावर टाळी दिली.

"मानसिंगराव, मिशी जपून ठिवा. नकोशीच्या टायमाला लागंल."